फाटक ते पायरी

घर बांधणाऱ्या मराठी माणसाचा पैसा आधी संपतो आणि उत्साह नंतर. या दोन घटनांच्या मधल्या काळात बंगल्याभोवतीची बाग तयार होते. पाया, स्लॅब, प्लास्टर, ग्रिल, मॉड्युलर स्वयंपाकघर एवढं सगळं पार पडलं की मालकाकडे उरतो भिंतीबाहेरचा थोडा मोकळा पट्टा, मुरमाचा एक ढीग, गवंड्यांनी सोडून दिलेला घमेल्याच्या आकाराचा सिमेंटचा गोळा आणि बँकेचं हप्त्यांचं पत्रक. नेमक्या याच वेळी कुणीतरी त्याच्या कानात लँडस्केपिंग हा मंत्र फुंकतं.

पूर्वी फाटकापासून पायरीपर्यंतची वाट कुणी आखत नसे. इकडे फाटक असे, तिकडे पायरी असे, आणि मधे शहाबादी फरश्या टाकल्या की काम झालं. मालक फारच हौशी असला तर दोन्ही कडांना विटा तिरक्या पुरायच्या आणि वर आलेल्या त्यांच्या कोपऱ्यांना एकाआड एक गेरू आणि चुना फासायचा. सरकारी विश्रामगृह, जिल्हा परिषदेची शाळा, पोलीस ठाणं आणि निवृत्त मामलेदाराचा बंगला, सगळीकडे हीच शोभा. कडेला कर्दळ, सदाफुली, तेरडा आणि दुपारी चारनंतर ड्यूटीवर येणारी गुलबक्षी. एवढ्या भांडवलावर महाराष्ट्राने कित्येक वर्षं पाहुणे घरात घेतले. फाटक ते पायरी यांच्यामध्ये वाट चुकलेला पाहुणा काही माझ्या ऐकण्यात नाही.

माझ्या मेहुण्याने तळेगावला पाच गुंठ्यांत बंगला बांधला. पाच गुंठे म्हणजे हिशेबाने ५,४४५ चौरस फूट, आणि ऐकायला त्याहूनही जास्त. पण घर, गाडीची जागा, पाण्याची टाकी, बोअर आणि सेप्टिक टँक वजा जाता समोर उरला सत्तावीस फुटांचा तुकडा. त्यासाठी एक तरुण लँडस्केप डिझायनर बोलावण्यात आला. तो फाटकातून आत आला, सरळ चालत पायरीपर्यंत गेला, वळला, सरळ चालत फाटकापर्यंत परत आला, आणि मग टॅब काढून त्यावर त्याने इंग्रजी एस अक्षराच्या आकाराची वाट काढली.

"स्ट्रेट पाथवे बोअरिंग दिसतो, सर. कर्व्ह दिला की एक जर्नी तयार होते."

माझ्या सासूबाई तिथेच शेंगा सोलत बसल्या होत्या. "सत्तावीस फुटांचा प्रवास," त्या म्हणाल्या. "दशम्या बांधून देऊ का?"

या वळणाचं कुलदैवत इंग्लंडात आहे. विल्यम होगार्थ या चित्रकाराने १७५३ साली सौंदर्याची चिरफाड करणारं अख्खं पुस्तक लिहिलं आणि नागमोडी रेषेला सौंदर्याची रेषा म्हणून गादीवर बसवलं. त्याच सुमाराला लॅन्सलॉट ब्राउन नावाचा बागांचा कारागीर तिथल्या जमीनदारांच्या सरळसोट बागा मोडून वळणदार रस्ते, टेकाडं आणि तळी बसवत हिंडत होता. कुठलीही जमीन दाखवा, 'इथे वाव आहे' असं तो मालकाला सांगायचा. त्यावरून लोक त्याला केपेबिलिटी ब्राउनच म्हणू लागले. आमचा डिझायनरही आल्याआल्या "पोटेन्शियल आहे, सर" म्हणाला होता, तेव्हा परंपरा शाबूत आहे. फरक एवढाच की ब्राउनची गिऱ्हाइकं शेकडो एकरांचे धनी. तिथे घोडागाडी झाडीतून वळणं घेत यायची, मधेच तळं डोकावून जायचं आणि एका वळणावर वाडा एकदम समोर उभा राहायचा. मेहुण्याचं घर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापासूनच अख्खं दिसतं. तिथून पाहुणा येतो तो गच्चीवरची टाकी बघतच येतो. त्याच्यापासून आता शेवटच्या सत्तावीस फुटांत काय लपवायचं?

वाटेत अडथळा नसेल तर माणूस वळत नाही, हे त्या मुलाला ठाऊक होतं. शिकलेला होता. म्हणून त्याने अडथळ्याची सोय केली. मातीचा एक माउंड, त्यावर दोन बॉटल पाम, पायथ्याशी पांढरे गोटे. वळण आधी ठरलं आणि ते घ्यावं लागावं म्हणून डोंगर नंतर आला, तोही ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्यांतून, आणि तोही मावळात, जिथे मागच्या खिडकीतून फुकटचा सह्याद्री दिसतो. बोरघाटात रस्ता काढणाऱ्यांनी हे पाहिलं असतं तर त्यांना आपल्या कष्टांची लाज वाटली असती.

मग थ्री-डी चित्र आलं. चित्रात संध्याकाळ होती. हिरवळ होती, वाट होती, पांढरी पँट घातलेला एक गृहस्थ कॉफीचा मग घेऊन माउंडकडे कौतुकाने पाहत होता आणि शेजारी लॅब्राडोर होता. वाळत घातलेले कपडे नव्हते, स्कूटी नव्हती, रिकामा सिलिंडर नव्हता, पायरीशी चपलांचा ढीग नव्हता. सासूबाईंनी चष्मा लावून चित्र नीट पाहिलं.

"हा कोण?"

"कुणी नाही गं आई, नुसता दाखवायला घातलाय."

"आपल्या घरात? आणि तू कुठायस?"

असं चित्र दाखवून गिऱ्हाईक पटवण्याची युक्ती कॉम्प्युटरवाल्यांची नाही. ब्राउननंतरच्या पिढीत हंफ्री रेप्टन (१७५२–१८१८) हे सगळं हाताने करत असे. गिऱ्हाइकासाठी तो लाल बांधणीचं पुस्तक तयार करायचा, आत बागेचं जलरंगातलं चित्र, आणि चित्रावर कागदाची एक झडप. झडप खाली असताना जागा आहे तशी रटाळ, झडप उचलली की रेप्टनच्या कृपेनंतरची. त्याच्या पुष्कळ योजना पुस्तकातच राहिल्या. मेहुण्याचं नशीब तेवढं बलवत्तर नव्हतं. कामाला सुरुवात झाली.

मधे वास्तुशास्त्राचे एक जाणकार येऊन गेले. त्यांनी होकायंत्र काढलं, ईशान्येला एवढा भार चालणार नाही म्हणाले आणि माउंड पलीकडच्या अंगाला सरकवायला लावला. त्यासरशी एस उलटा झाला. उलट्या एसची बाराखडीत काय सोय आहे ते डिझायनरने पाहिलं असेल. मला विचाराल तर ईशान्येचा भार वाहून नेण्याची मजुरी मात्र सुलट्या आकड्यांतच द्यावी लागली.

आता खरी मौज. ही वाट सलग नव्हती. हिरवळीत कडप्प्याच्या सुट्या फरश्या अंतराअंतराने बसवायच्या होत्या. ही कल्पना मेहुण्याने पुण्याहून आणलेली. सिंहगड रस्त्यावर जे पु. ल. देशपांडे उद्यान आहे ते जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. तिथे मेहुणा सहकुटुंब गेला, भारावला, आणि हिरवळीवर पाय ठेवल्याबद्दल रखवालदाराची शिट्टी खाऊन आला. त्या शिट्टीमुळे त्याला वाटेची शिस्त फारच पटली.

दोन फरश्यांचे मध्य दोन फुटांवर, असा त्या मुलाचा हिशेब. सर्वसाधारण माणसाच्या पावलाला तो ठीकच आहे. पण घरात सर्वसाधारण माणूस कुणीच नसतो. मेहुणा सहा फुटांना एक-दोन बोटं कमी. तो या फरश्यांवरून चालताना ट्रेन चुकेल अशा घाईत दिसतो. सासूबाईंचे दोन्ही गुडघे बदललेले, अंगावर नऊवारी, पाऊल जेमतेम फुटाचं. त्यांचं एक पाऊल फरशीवर पडतं आणि दुसरं गवतात, आणि दोन्हींच्या पातळीत इंचभर फरक. दहा फरश्या गेल्यावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "ठिक्कर खेळायचं वय गेलं माझं."

जपान्यांनी या प्रश्नाचा विचार केलेला आहे. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू हा चहा-समारंभाचा मोठा आचार्य होऊन गेला. चहाघराकडे नेणाऱ्या सुट्या दगडांबद्दल त्याच्या नावावर एक प्रमाण सांगतात: सहा भाग चालण्यासाठी, चार भाग दिसण्यासाठी. त्याचाच शिष्य फुरुता ओरिबे याने ते उलटं केलं: चार भाग चालायला आणि सहा भाग पाहायला. आमच्या घरात लगेच दोन तट पडले. सासूबाई रिक्यूंच्या बाजूच्या, डिझायनर ओरिबेचा. मेहुण्याचं प्रमाण तिसरंच: एक भाग चालायला, एक भाग पाहायला आणि उरलेले आठ भाग नातेवाइकांना दाखवायला. पुढे रिक्यूला १५९१ साली आणि ओरिबेला १६१५ साली, दोघांनाही वरिष्ठांच्या हुकमावरून पोट फाडून घ्यावं लागलं. त्यात फरश्यांच्या अंतराचा काही संबंध नव्हता, तरी मी ती हकिगत डिझायनरच्या कानावर घालून ठेवली. दुसऱ्या दिवशी अंतर चार इंचांनी कमी झालं.

गाडीच्या वाटेला पेव्हिंग ब्लॉक बसवायचे होते. इथे डिझायनर मागे सरला आणि ठेकेदार पुढे आला. माझ्या अनुभवात बागेचा खरा शास्ता हाच. त्याच्याजवळ तीन वाक्यं असतात: "होऊन जाईल", "काय होत नाय" आणि "आधी सांगायचं ना साहेब". ती याच क्रमाने येतात. माणसांनी चालायला साठ मिलिमीटर जाडीचा ब्लॉक पुरतो, गाडी जायची असेल तर ऐंशीचा घ्यावा. खाली मुरूम दाबून, वर कच पसरून, कडेला कर्ब पक्का करावा, नाहीतर ब्लॉक हळूहळू बाहेर सरकायला लागतात. हे सगळं मेहुण्याने इंटरनेटवर वाचून त्याला ऐकवलं. "होऊन जाईल," तो म्हणाला.

खरी करामत त्याने पातळीत केली. पाण्याची नळी लावून, लाइनदोरी ताणून त्याने ती वाट अशी एकसारखी केली की काम झाल्यावर खिशातली गोटी काढून मधोमध ठेवली. गोटी हलली नाही. त्याने आमच्याकडे पाहिलं. आम्ही माना डोलावल्या, कारण इतकं सपाट काही त्या घरात आतही नव्हतं. जूनमध्ये कळलं की गोटी जिथे हलत नाही तिथून पाणीही हलत नाही. बाहेरच्या वाटेला पन्नासास एक असा उतार लागतो, तोही घराकडून बाहेरच्या बाजूला; म्हणजे दर चार फुटांना साधारण एक इंच. तो एक इंच वाचवल्यामुळे तळेगावचा पाऊस फाटकाशी थांबायचा तो थेट दिवाणखान्यापर्यंत भेटायला आला. "आधी सांगायचं ना साहेब," ठेकेदार म्हणाला.

माझं आजोळ राजापूरकडचं. तिथे सडकेवरून घरात उतरायला जांभ्याची पाखाडी आहे. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागली की टणक होत जातो. त्यामुळे ज्याने त्या पायऱ्या घातल्या त्याला घडवायला सोपं गेलं आणि त्याच्या नातवंडांना चालायला. पायरी बुटकी आणि रुंद, कारण तिच्यावरून डोक्यावर भारा घेतलेली बाई उतरायची आणि तिला पायांकडे बघता येत नसे. पाखाडी वळते ती फणसाला वळसा घालायला, आणि पुढे पुन्हा वळते ती शेजाऱ्याच्या गडग्यामुळे, ज्याच्यावरून दोन पिढ्या बोलणं बंद होतं. म्हणजे प्रत्येक वळणाला सज्जड कारण. पावसात दगडावर शेवाळ धरलं की घसरू नये म्हणून वर माडाच्या झावळ्या टाकतात. मी हे त्या मुलाला सांगितलं. त्याला फार आवडलं. "रस्टिक फील," तो म्हणाला, आणि तळेगावला जांभ्याचा दर काय पडेल ते फोनवर विचारायला लागला. मी पुढची माहिती गिळली.

हिरवळीचं प्रकरण निराळं. नर्सरीतून बर्मुडा गवताचे चौकोन आले, गालिचा अंथरावा तसे अंथरले गेले आणि मेहुण्याने सगळ्यांना त्यावरून उतरायला सांगितलं. त्याच सुमाराला बारामतीकडचे माझे चुलतसासरे आले. ते शेतकरी. त्यांनी वाकून एक काडी उपटली, मुळी पाहिली, आणि त्यांचा चेहरा पडला.

"ही तर हरळी."

होतीच ती. नर्सरीतली बर्मुडा, शेतातली हरळी आणि गणपतीच्या डोक्यावरची दूर्वा, वनस्पती एकच. या गृहस्थांनी आयुष्यभर हरळीशी युद्ध केलेलं. नांगरून, खणून, वेचून, जाळून ती पुन्हा उगवायची. इथे पुतण्याने ती चौरस फुटाच्या दराने विकत घेऊन तिला पाणी घालायला माणूस ठेवला होता. त्यांनी दर विचारला. मेहुण्याने सांगितला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

"मला एक फोन करायचा होतास," शेवटी ते म्हणाले. "ट्रॉलीभर पाठवली असती. वर खुदाईचे पैसेही मीच दिले असते."

सासूबाईंना मात्र या हिरवळीचा पहिल्यांदाच उपयोग सापडला. रोज सकाळी त्या कोवळ्या तीन पात्यांच्या एकवीस दूर्वा खुडू लागल्या. माळी गवत कापायचं यंत्र फिरवायला आला की त्या आडव्या उभ्या राहायच्या. कोवळं कापलं तर गणपतीला काय वाहायचं? शेवटी पश्चिमेचा अर्धा भाग कापायचा आणि पूर्वेचा देवाचा, असा तह झाला. डिझायनरच्या चित्रातल्या हिरवळीला आता मधोमध भांग पडलेला आहे.

फुलझाडांच्या जागाही अशाच हुकमाने ठरल्या. चित्रात वाटेच्या कडेला ड्युरँटाची पिवळी कुंपणपट्टी होती. सासूबाईंनी तिथे पारिजातक लावून घेतला. दोन वर्षांत तो चांगला डवरला, आणि आता सीझनमध्ये सकाळी ती वाट वाहतुकीला बंद असते. फुलं खाली सांडलेली असतात, फुलांवर पाय द्यायचा नाही, आणि ती वेचून होईपर्यंत आठ वाजतात. मेहुण्याची कंपनीची गाडी साडेसातला येते. तो मागच्या दाराने, धुण्याच्या दगडाला वळसा घालून, मोरीच्या पाण्यावर माजलेल्या अळूतून ऑफिसला जातो. त्या बाजूला कसलंच डिझाइन झालेलं नाही. ती वाट उत्तम आहे.

राहता राहिला पुढचा उलटा एस. त्यावरून पहिले सहा महिने फक्त पाहुणे चालले, तेही मेहुणा सोबत असेल तर. बाकीच्यांनी पहिल्या आठवड्यातच आपला मार्ग काढला. दूधवाला फाटकातून निघून नाकासमोर पायरीशी येतो. घरकामाच्या मावशींना चार घरं उरकायची असतात. त्या माउंडच्या कुशीतून जातात. मीटरचं रीडिंग घेणारा गोट्यांवरून. पण सगळ्यांत निर्णायक मत सिलिंडरवाल्याचं पडलं. १४.२ किलो गॅस आणि त्यावर लोखंडाचं वजन, म्हणजे तीसेक किलोंचा ऐवज तो तिरपा करून बुडाच्या कडीवर गोल फिरवत नेतो. सुट्या फरश्यांवरून सिलिंडर जात नाही. वळणावर तर नाहीच नाही. त्याने दोन सिलिंडरांतच हिरवळीतून एक रेघ मारून दिली, आणि तिच्यावरून सगळं घर चालू लागलं. लॅब्राडोर कुणी आणला नव्हता, पण गल्लीतलं एक पिवळं कुत्रं स्वतःहून रुजू झालं होतं. तेही त्याच रेघेने येतं.

मी मेहुण्याला धीर दिला. शिकागोत इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे (आपली पवईची नव्हे). तिथल्या मोकळ्या जागेतून विद्यार्थ्यांनी तुडवून तुडवून वाटा पाडल्या होत्या. रेम कूल्हास या डच आर्किटेक्टने त्यांच्यावर फुली न मारता त्याच वाटा आतले रस्ते धरून अख्खी इमारत उभी केली. २००३ साली ती खुली झाली. म्हणजे सिलिंडरवाल्याच्या रेघेत प्रतिभा असू शकते.

"भावोजी," मेहुणा म्हणाला, "त्याने पैसे घेतले असतील ना?"

"भरपूर."

"मग आपल्याकडे ही फुकट झालीय. तिला कोण विचारणार?"

आणि त्याने त्या रेघेवर कुंड्यांची एक ओळ मांडली. दूधवाल्याने कुंड्या ओलांडल्या. मावशींनी त्यांपैकी दोन थोड्या सरकवल्या. सिलिंडरवाल्याने सगळ्याच उचलून माउंडवर व्यवस्थित रचून ठेवल्या आणि जाताना, "आजी, तिकडं बरं दिसतंय," असं सांगून गेला. ते दिसतंही बरं. सोलरचे दिवेही कधीतरी लावले होते. मावळच्या पावसाळ्यात ते आठ वाजता झोपायला जातात.

परवा तो डिझायनर आला होता. काम पूर्ण झाल्याला आता दोन पावसाळे उलटले, झाडं भरली, तेव्हा त्याला आपल्या संग्रहासाठी फोटो काढायचे होते. बरोबर कॅमेरावाला, तिपाई आणि पांढऱ्या पँटमधला एक मित्र. तो फाटकातच थबकला. दोन बॉटल पाम आता चांगले मनगटी झालेले आहेत, आणि त्यांच्यामध्ये बरोबर साडेसात फूट अंतर असल्यामुळे सासूबाईंनी तिथे नायलॉनची दोरी बांधून घेतली आहे. दोरीवर दोन लुगडी, मेहुण्याचे शर्ट, चादरी आणि एका टोकाला पिवळ्या कुत्र्याचं पोतं.

"आजी, फक्त दहा मिनिटांसाठी हे काढता येईल का?"

सासूबाईंनी चादरीचं एक टोक चिमटीत धरून पाहिलं.

"ओली आहेत अजून. साडेचारला या."